गच्चीवरची शहाबादी

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका शनिवारी मी आमच्या गच्चीवर अकरा जणांना जेवायला बोलावलं आणि त्यातल्या चौघांना आजारी पाडलं. मंडळाच्या अंकासाठी ‘गच्चीवरच्या जेवणावर काहीतरी खुसखुशीत लिही’ असं संपादकताईंनी सांगितलं, तेव्हा आधी मी हा विषय टाळतच होतो. मग वाटलं, आपल्या मंडळातली निम्मी तरुण घरं आता गच्चीवर नाहीतर फार्महाऊसवर शेगडी पेटवतात. मसाल्यांच्या पाककृती सगळ्यांकडे आहेत. माझ्याकडे त्याहून वेगळं काहीतरी आहे : एक मोठी चूक, आणि ती दुरुस्त करायला घेतलेला एक दगड.

आम्ही हैदराबादचे. आजोबा परभणीकडून नोकरीसाठी इथे आले, तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकाच निजामी संस्थानात होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा तिकडे गेला, आजोबा काचीगुड्यातच राहिले. बाबांचा जन्म इथला, माझाही. मी इंजिनिअर, कॉम्प्युटरवाला. स्वयंपाकाची आवड आहे, पण ती लग्नानंतर आणि व्हिडिओ बघून लागलेली. थोडक्यात, आत्मविश्वास भरपूर आणि अनुभव कमी.

त्या शनिवारी काय झालं

आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसून, कितीला काय झालं याची वेळेनुसार यादी करतात. कोणावर खापर फोडायचं नाही, फक्त कारण शोधायचं, असा नियम असतो. घरातल्या या प्रकरणाची तशी यादी मी केली, तेव्हा नियमाचा पहिला भाग पाळता आला नाही, कारण यादीतल्या प्रत्येक ओळीत मीच होतो.

दुपारी साडेतीनला अडीच किलो चिकन घेतलं. काळ्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलं. वाटेत केक आणि कोल्ड्रिंक घेतली. घरी पोहोचलो सव्वाचारला. मसाला लावला. फ्रिजमध्ये केक आणि बाटल्या ठासून भरल्या होत्या, म्हणून पातेलं ओट्यावरच ‘मुरायला’ ठेवलं. साडेसहाला ते गच्चीवर नेलं. पाहुणे सातला यायचे ते ट्रॅफिकमुळे आठला आले. कोळसे नीट पेटायच्या आधीच, ज्वाळा असताना, आठ वीसला पहिल्या सळया ठेवल्या. वरून पाच मिनिटांत काळ्या झाल्या, सगळे ‘वा वा’ म्हणाले. पातेल्यात उरलेला कच्चा मसाला मी ब्रशने वरून फासत होतो. ज्या चिमट्याने कच्चे तुकडे उचलले त्यानेच शिजलेले काढले, आणि ज्या ताटात कच्च्या सळया आणल्या त्याच ताटात शिजलेल्या वाढल्या.

वाचताना तुम्हाला चुका दिसत असतील. मला त्या रात्री एकही दिसली नाही.

हैदराबादच्या एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलासुद्धा स्वयंपाकघर पस्तीस अंशांना असतं. मांसावरचे जीवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात वाढतात आणि अनुकूल हवेत त्यांतले काही वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे तासाला तीन वेळा. साडेतीन ते साडेआठ हे पाच तास धरले तर पंधरा वेळा दुप्पट. दोनाचा पंधरावा घात ३२,७६८. एका जीवाणूचे बत्तीस हजारांहून जास्त. हे आकडे मी रोज दुसऱ्या कामात वापरतो. चिकनच्या पातेल्याला लावायचं सुचलं नाही. कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, हा साधा नियम आहे. आपल्याकडे मार्च ते जून बहुतेक वेळ हा एक तासाचाच नियम लागू होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाला जुलाब सुरू झाले. रात्री माझ्या एका मित्राला आणि आईला. आणि पहाटे चिऊला, म्हणजे दादाच्या मुलीला. चिऊ तेव्हा सहा वर्षांची होती. तिला ताप चढला, पोटात पाणी ठरेना. तिला दवाखान्यात दाखल करून सलाईन लावावं लागलं. दीड दिवस मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होतो. वहिनी मला काही बोलली नाही. ती मला पुढचे चार महिने कामापुरतंच बोलली. तिच्या जागी मी असतो तर तेवढंही बोललो नसतो.

चिऊ बरी झाली. शेगडी मी भंगारवाल्याला देऊन टाकली. ‘घरात मांस-मच्छी शिजेल, गच्चीवर नाही,’ असं बाबांनी जाहीर केलं आणि विषय संपला.

बाबांचे चार दगड

तो पुन्हा निघाला गेल्या वर्षी, काचीगुड्याचं जुनं घर पाडायला निघालं तेव्हा. त्या जागी आता चार मजली इमारत येते आहे. बाबांनी बिल्डरकडे एकच गोष्ट मागितली : मागच्या अंगणातल्या शहाबादी फरश्या. काढताना बहुतेक फुटल्या. चार वाचल्या, तीन फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा इंच जाड. चौथीचा एक कोपरा उडालेला.

शहाबाद हे गाव वाडी आणि कलबुर्गीच्या मध्ये रेल्वेच्या मार्गावर आहे, तेही पूर्वी निजामाच्याच राज्यात. तिथला करडा चुनखडीचा दगड थरांचा असल्याने सपाट पापुद्र्यांसारखा निघतो. त्यामुळे मराठवाड्यापासून हैदराबादपर्यंत जुन्या घरांच्या जमिनी त्याच दगडाच्या. उन्हाळ्यात त्यावर पालथं पडून अभ्यास केलेला माणूस आपल्या मंडळात शोधावा लागणार नाही.

त्या फरश्या टेम्पोतून उतरवताना बाबा म्हणाले, “यावर तुझे आजोबा मटण करायचे.”

मला हे माहीतच नव्हतं. आमची पणजी माळकरी होती. घरात अंडंसुद्धा येत नसे. पण आजोबा खाणारे. म्हणून महिन्यातून दोनदा रविवारी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली जायची. तिथलं पातेलं, तिथली कढई, तिथला पाटा-वरवंटा वेगळा. तो सामान कधी उंबऱ्याच्या आत यायचा नाही. मटण पुरुषांनीच करायचं, मोरीशेजारच्या फरशीवर करायचं आणि अंगणातच पळसाच्या पत्रावळीवर जेवायचं. आंघोळ करून मग घरात.

आपण ‘बाहेर बसून जेवणं’ हे परदेशी खूळ समजतो. पण कितीतरी मराठी घरांत मांसाहार हा मुळात बाहेरचाच होता : परसातला, शेतातला, नाहीतर जत्रेत देवळामागच्या झाडाखालचा. घरात परवानगी नव्हती म्हणून तो उघड्यावर गेला आणि तिथे त्याची स्वतःची शिस्त तयार झाली. बाबांनी ती शिस्त सांगितली तेव्हा मी गप्प झालो. आजोबांच्या अंगणात फरशीची एक बाजू कच्च्याची आणि दुसरी शिजलेल्याची. मध्ये पाण्याची बादली आणि तांब्या. कच्च्याला लागलेला हात धुतल्याशिवाय इकडच्या भांड्याला लागायचा नाही. लागला तर ते भांडं राखेने घासून मगच परत. मटण सकाळी सातला आणायचं, आणलं की लगेच चुलीवर चढवायचं. ‘मुरायला’ वगैरे ठेवायची चैन नव्हती, कारण फ्रिजच नव्हता.

“मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

बाबा म्हणाले, “तू विचारलंस कुठे? तू आम्हाला व्हिडिओ दाखवत होतास.”

टेबल कसं केलं

ठरलं की तीन अखंड फरश्यांचं जेवणाचं टेबल आणि कोपरा उडालेल्या चौथीचा तयारीचा ओटा. अशाच जुन्या फरश्या पुष्कळांच्या घरी पडून असतील, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

तीन फरश्या लांबीच्या कडेला कड लावून मांडल्या की सहा फूट बाय तीन फूट टेबल होतं. जेवताना एका माणसाला साधारण चोवीस इंच जागा लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि टोकांना एक-एक असे आठ जण आरामात बसतात. एका फरशीचं वजन साधारण ४५ किलो भरतं. तिघींचं मिळून सव्वाशे किलोच्या वर. म्हणून लाकडाचा सांगाडा न करता लोखंडी चौकोनी पाइपचा, वेल्डिंग करून घेतला, प्रत्येक जोडाखाली आडवी पट्टी दिली, आणि रंगाआधी रेड ऑक्साइडचा हात मारला. फरशी आणि लोखंड यांच्यामध्ये रबराच्या पट्ट्या, नाहीतर ताट ठेवलं तरी खडखड आवाज येतो. उंची तीस इंच. टेबल गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली भिंत आणि तुळई आहे त्या बाजूला ठेवलं. जुनी इमारत असेल तर आधी एखाद्या सिव्हिलवाल्याला जरूर विचारा.

एक गोष्ट मला वेल्डरने शिकवली. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे चारही पाय सारखे असलेलं टेबल तिथे कधीच सरळ उभं राहत नाही. त्याने पायांच्या तळाला बोल्ट बसवून दिले, फिरवून उंची कमी-जास्त करता येते. वाटीतला रस्सा एका बाजूला कलंडलेला दिसला की बोल्ट फिरवायचा.

तयारीचा ओटा मात्र छत्तीस इंच उंच. कापणं, सळया भरणं ही उभ्याची कामं. तीस इंचांवर तासभर वाकून काम केलं तर दुसऱ्या दिवशी कंबर आठवण करून देते. तो नळाच्या शेजारी ठेवला.

चुनखडीच्या दगडाला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं आणि लगेच पुसलं नाही तर पांढरा डाग उमटतो आणि तो कायमचा. शिवाय दगड सच्छिद्र, त्यात रस मुरतो. म्हणून कच्चं मांस थेट फरशीवर कधीच ठेवत नाही. खाली स्टीलची परात आणि वेगळी पाटी. नंतर गरम पाणी आणि साबण, आणि फडक्याने कोरडं. लिंबू घासून चमकवायचा मोह आवरायचा.

कच्चं इकडे, शिजलेलं तिकडे

आता आमच्या गच्चीवरची मांडणी आजोबांचीच आहे, फक्त सामान नवं.

कोपरा उडालेली फरशी म्हणजे कच्च्याची. तिच्यावर लाल मुठीचा चिमटा, लाल पाटी, एक सुरी. शेगडीच्या पलीकडे स्टुलावर स्वच्छ ताट आणि काळ्या मुठीचा चिमटा. मध्ये हात धुवायला नळाची कळशी आणि साबण. लाल चिमटा शेगडीवर तुकडे ठेवायला; उलटायला आणि काढायला काळा. लहान मुलांनासुद्धा हे एकदा सांगितलं की पुरतं. मोठ्यांना दोनदा सांगावं लागतं.

मांस आणताना मासळीवाल्यांकडची जुनी थर्माकोलची पेटी बरोबर नेतो. तळाला बर्फ, त्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात मांस. घरी आल्यावर मसाला लावून थेट फ्रिजमध्ये, तेही सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे चुकून गळलं तरी कोशिंबिरीवर थेंब पडत नाही. मुरणं फ्रिजमध्ये चांगलं होतं, फक्त वेळ द्यायचा. गच्चीवर न्यायचं ते एका फेरीपुरतंच, बाकीचं पेटीत. वरून फासायला मसाला हवा असेल तर मांस घालण्याआधीच त्यातली वाटीभर बाजूला काढून ठेवायची.

चिकन नळाखाली धुऊ नये. शिंतोडे दोन-तीन फुटांपर्यंत उडतात आणि आजूबाजूच्या भांड्यांवर बसतात. धुवायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलकेच बुडवून.

आणि शेवटचं, सळईसारखं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर. काही शे रुपयांत मिळतो. तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात टोचायचा, हाडाला लागू द्यायचा नाही. चिकन ७४ अंश, खिमा किंवा कबाब ७१, मटणाचे अखंड तुकडे आणि मासे ६३. रंगावर विश्वास ठेवू नका. माझ्या त्या शनिवारच्या सळया बाहेरून कोळसा झाल्या होत्या आणि आतून कच्च्या होत्या.

कोळशाबद्दल दोन शब्द. ज्वाळा संपून कोळशावर राखेचा पांढरट थर आला की मगच मांस ठेवायचं. पाऊण तास जातो, जाऊ द्यावा. शेगडी बंद बाल्कनीत किंवा खोलीत कधीच नको. जळत्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो जीव घेतो. शेजारी वाळूची बादली ठेवा. राख दुसऱ्या दिवशीही आतून धगधगत असते, ती प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नका. आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये न खाणारं कुटुंब असेल तर आधी एकदा सांगून या. आमच्या समोरच्या मामी आता स्वतःच विचारतात, “या रविवारी धूर आहे का? म्हणजे कपडे आत घेते.”

पत्थर का गोश्त

टेबलावर पहिलं काय करायचं यावर घरात मतभेद नव्हते. हैदराबादेत राहून दगडावर काही करायचं तर पत्थर का गोश्त. निजामाच्या शिकारीवर सळया विसरल्या म्हणून आचाऱ्याने ग्रॅनाइटचा दगड तापवून त्यावर मांस भाजलं, अशी गोष्ट इथे सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण या शहराला शोभते. हैदराबादभर जे मोठमोठे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसतात ते ग्रॅनाइटचे आहेत, सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुने.

इथे मी बाबांना एकदाच विरोध केला. ते म्हणत होते, फरशीवरच भाजू. शहाबादी फरशी थरांची असते. विस्तवावर ठेवली तर थर सुटून तुकडे उडू शकतात. नदीतले गोटे तर त्याहून वाईट. आत पाणी असतं, त्याची वाफ होऊन ते फुटतात. भाजायला हवा तो ग्रॅनाइट, किमान इंचभर जाड, कोरडा, आणि पॉलिश किंवा रसायन न लावलेला. किचनच्या ओट्याचा उरलेला तुकडा चालत नाही.

ग्रॅनाइटसुद्धा हळूहळूच तापवायचा. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक असे वेगवेगळे खनिज कण असतात, तापल्यावर प्रत्येक वेगवेगळा फुगतो. एकदम आच दिली की तडा. आधी मंद निखारे, मग थोडे थोडे वाढवत पाऊण तास. तापला का हे बघायला पाण्याचा थेंब टाकू नका, कांद्याची चकती ठेवा. चर्र करून कडा तपकिरी झाली की तयार. आणि काम संपल्यावर पाणी ओतून गार करू नका. त्याला रात्रभर तसाच सोडा.

*साहित्य :* बिनहाडाचं मटण १ किलो (मांडीचं, पाव इंच जाडीचे चपटे काप), सालासकट वाटलेली कच्ची पपई १ मोठा चमचा, आलं-लसूण वाटण २ मोठे चमचे, हिरव्या मिरच्यांचं वाटण १ मोठा चमचा, भाजून कुटलेली मिरी २ चहाचे चमचे, गरम मसाला १ चहाचा चमचा, भाजून पूड केलेलं दगडफूल अर्धा चहाचा चमचा, एका लिंबाचा रस, मीठ, तेल ३ मोठे चमचे, भाजताना लावायला तूप.

दगडफुलाला इथे ‘पत्थर का फूल’ म्हणतात. दगडावरच्या गोश्तात दगडाचं फूल. आपल्या काळ्या मसाल्यातही तेच असतं, त्यामुळे मराठी जिभेला हा वास ओळखीचा वाटतो.

*कृती :* मटण घेताना खाटकालाच काप करायला सांगा. आमचे मटणवाले आरे कटिका समाजातले आहेत. तेलुगूत मराठी बोलणाऱ्यांना ‘आरे’ म्हणतात. त्यांची मराठी ऐकायला मजा येते. तेलुगू मिसळलेली, पण आतून आपली. ‘दगडावरचं’ एवढं म्हटलं की ते कसे काप हवेत ते समजून घेतात.

काप लाकडी दांड्याने हलके ठेचा. पपई आणि आलं-लसूण आधी चोळून अर्धा तास, मग बाकीचा मसाला आणि तेल लावून फ्रिजमध्ये चार तास. पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं, म्हणून ते मऊ होतं. पण पपई दुप्पट घातली किंवा दोन दिवस ठेवलं तर मटणाचा लगदा होतो. हा प्रयोग मी तुमच्यासाठी करून ठेवला आहे. तापल्या दगडाला तूप लावून काप एकमेकांना न चिकटता पसरा. एका बाजूला तीन-चार मिनिटं हलवू नका. ते स्वतःहून सुटले की उलटा. काप ठेचलेले असल्याने मी ते ६३ वर न थांबता ७१ पर्यंत नेतो. वर कांदा, लिंबू. बरोबर ज्वारीची भाकरी. हैदराबादी मंडळी रुमाली रोटीबरोबर खातात, पण आमच्या आईचं ठाम मत आहे की त्या मसाल्याला भाकरीच तोलते.

मासा असेल तर

मुंबई-गोव्याकडच्या पाहुण्यांना हैदराबादेत मासे म्हटलं की दया येते. समुद्र लांब, हे खरं. पण इथे मरळ मिळते, तेलुगूत कोर्रमीनू. तेलंगणाचा हा राज्यमासा. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे बाजारात टोपात जिवंत असते आणि समोर कापून मिळते. याहून ताजा मासा बंदरावरसुद्धा मिळणार नाही. काटे कमी, मांस घट्ट, सळईवरून गळून पडत नाही. मात्र गोड्या पाण्यातला मासा कधीही अर्धाकच्चा खाऊ नये. मांस दुधी-अपारदर्शक होऊन पाकळ्या सुटल्या पाहिजेत.

मासा जाळीवर चिकटतो ही सगळ्यांची तक्रार. जाळी आधी चांगली तापवा, मासा फडक्याने कोरडा करा आणि तेल जाळीला नाही, माशाला लावा. मग तो सुटेपर्यंत धीर धरा. माशाला आंबट आणि मीठ फार आधी लावू नका, अर्धा तास पुष्कळ झाला.

बांगडा, सुरमई, टूना आणणाऱ्यांसाठी एक इशारा. हे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही भाजलं-तळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो, ‘याला माशाची ॲलर्जी आहे.’ बहुतेकदा दोष त्या माणसाचा नसतो, वाटेत वितळलेल्या बर्फाचा असतो. बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या वाचकांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण आपला समुद्राचा मासा नेहमीच प्रवास करून आलेला असतो.

डिसेंबरचा रविवार

टेबल तयार होऊन दोन महिने आम्ही त्यावर फक्त चहा प्यायलो. मीच धीर करत नव्हतो. शेवटी डिसेंबरमध्ये बाबा म्हणाले, “दगड काय नुसता बघायला आणलाय?” मी दादाला फोन केला. पलीकडे जरा शांतता होती. मग तो म्हणाला, “तुझ्या वहिनीला तूच विचार.”

वहिनीला विचारताना मी पाककृती सांगितली नाही. बर्फाची पेटी, दोन चिमटे, थर्मामीटर आणि फ्रिजमधला कप्पा सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, “येतो. चिऊचा डबा मी घरून आणीन.” हे मला पूर्ण मान्य होतं.

त्या रविवारी ते आले. चिऊच्या डब्यात दही-भात होता. गच्चीवर थंडी होती, बाबा कानटोपी घालून दगडाजवळ बसले होते आणि आजोबांच्या अंगणातल्या गोष्टी सांगत होते. पहिले काप मी काळ्या चिमट्याने काढून स्वच्छ ताटात ठेवले आणि कोणी हात लावायच्या आत थर्मामीटर टोचला. वहिनी खुर्चीवरून उठून शेजारी येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे नाही, आकड्याकडे पाहिलं.

“किती हवा?” तिने विचारलं.

“एकाहत्तर.”

आकडा ६६ होता. मी काप परत दगडावर ठेवले. मागे एक-दोघे कुरकुरले, वास सुटला होता, भूक लागली होती. दोन मिनिटांनी पुन्हा टोचला. या वेळी चिऊ मध्ये घुसून टाचा उंच करून बघत होती. “सत्तर... एकाहत्तर... त्र्याहत्तर!” ती ओरडली.

वहिनीने एक छोटा तुकडा तोडला, स्वतः खाल्ला, आणि थोडा थांबून दुसरा चिऊच्या दही-भाताच्या कडेला ठेवला.

चिऊने तो खाल्ला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, तू लाल चिमटा तिकडच्या ताटावर ठेवलास.”

खरंच ठेवला होता. मी तो चिमटा उचलला, ताट घासायला टाकलं आणि नवीन ताट आणायला खाली गेलो.